फोमच्या इंजेक्शननंतर शीर कडक झाली, म्हणजे बिघडलं का?

पत्र : डॉक्टरसाहेब, मी ५१ वर्षांचा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. बारा तासांची पाळी, सगळी उभ्यानं. उजव्या पायाच्या शिरा बऱ्याच वर्षांपासून फुगलेल्या आहेत. घोट्याजवळ कातडी काळी पडून खाज सुटायला लागली तेव्हा शेवटी दाखवलं. डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून डॉक्टरांनी फोमचं इंजेक्शन दिलं, त्याला तीन आठवडे झाले. आता गुडघ्याच्या आतल्या बाजूनं पोटरीपर्यंत शीर दोरीसारखी कडक लागते, दाबलं की दुखतं, वरची कातडी तपकिरी दिसते. शेजारी म्हणतात रक्ताची गुठळी झाली, ती सरकून काळजात जाणार. माझ्या मेव्हण्याचं लेसर झालं, त्याला असलं काही झालं नाही. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पुढच्या आठवड्यात या, अडकलेलं रक्त सुईनं काढू आणि दुसरं सिटिंग करू. म्हणजे पहिलं वाया गेलं का? हे औषध शिरेला नेमकं करतं तरी काय? शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? बायको निरगुडीचं तेल कोमट करून चोळू का म्हणते. तो घट्ट मोजा घालून मागाजवळच्या उकाड्यात जीव नकोसा होतो, काढून टाकला तर चालेल का? आणि दुसऱ्या सिटिंगनंतर कामाचे किती दिवस बुडतील?
– एक यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. हाताला कडक लागणाऱ्या त्या शिरेत थोडं रक्त गोठलेलं आहे, हे खरं. ते सुटून छातीत जाईल असं मात्र सहसा होत नाही. का होत नाही, याचं उत्तर तुमच्याच एका प्रश्नात आहे : औषध शिरेला नेमकं करतं काय? इंजेक्शन किती, खर्च किती, सुट्टी किती, एवढं विचारून बहुतेक पेशंट उठतात. तुम्ही त्यापलीकडचं विचारलंत, तर सविस्तर सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. संपूर्ण पोटरी किंवा पाय सुजला, पोटरीत खोलवर ठणका लागला, दम लागायला लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर हे उत्तर वाचत बसू नका. रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. ती खोल शिरेतल्या गुठळीची लक्षणं असू शकतात. फोमनंतर अशी गुठळी शंभरात एकालाही होत नाही, पण होऊ शकते हे माहीत असलेलं बरं. ताप आला, इंजेक्शनच्या जागी पू झाला किंवा कातडी काळी पडून जखम झाली, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. कातडीच्या लगेच खाली, एका रेषेत कडक लागणारी, दाबल्यावर दुखणारी शीर तीन आठवड्यांनी बहुतेकांना लागते.

आता औषधाकडे येऊ.

शिरेची भिंत तीन थरांची असते. सगळ्यात आत एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, त्याबाहेर स्नायूंचा थर, आणि त्याहून बाहेर तंतूंचं आवरण. आतल्या अस्तराचं एक मोठं काम म्हणजे रक्त गोठू न देणं. ते शाबूत आहे तोवर रक्त वाहतं राहतं. फोम म्हणजे औषधाचा फेस. त्यासाठी पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट वापरतात. ही दोन्ही औषधं डिटर्जंट जातीची आहेत. पेशीभोवतीचं पातळ आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं आणि डिटर्जंट नेमकं तेच विस्कटून टाकतो. फोम भिंतीला लागला की काही मिनिटांतच अस्तराच्या पेशी मरतात, सुटून पडतात आणि त्यांच्या खालचं कोलॅजन, म्हणजे भिंतीतलं तंतूंचं प्रथिन, उघडं पडतं. सरळ सांगायचं तर तुमच्या डॉक्टरांनी त्या शिरेला आतून जाणूनबुजून जखम केली आहे. त्यानंतरचं सगळं शरीर ती जखम भरून काढताना घडतं.

पहिल्या काही मिनिटांत शीर आकसते. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे डोळ्यांना दिसतं, आणि अनुभवी डॉक्टर ते दिसल्यावरच सुई बाहेर काढतात. मग भिंत सुजते. उघड्या पडलेल्या कोलॅजनला प्लेटलेट्स (रक्त गोठवणारे कण) चिकटतात, त्यांच्याभोवती थोडं रक्त गोठतं. ही गुठळी जखमी भिंतीला सगळीकडून धरून बसलेली असते आणि दोन्ही अंगांनी शीर आकसलेली असते, म्हणून ती सहसा सुटून जात नाही. पुढच्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मागून तंतू तयार करणाऱ्या पेशी भिंतीतून आत शिरतात, आणि गुठळीची जागा हळूहळू व्रणाचे, म्हणजे जखम भरून आल्यावर उरणारे, तंतू घेतात. काही महिन्यांनी उरतो तो बारीक तंतुमय धागा. वर्षभरानं तीच शीर सोनोग्राफीत शोधूनही सापडत नाही, असंही पुष्कळदा होतं. तुम्ही आत्ता या प्रवासाच्या मधोमध आहात. सूज आहे, गोठलेलं रक्त आहे, व्रण धरायला सुरुवात झाली आहे, म्हणून शीर कडक लागते आणि दुखते.

यातली एक गोष्ट घाईच्या ओपीडीत सांगायची राहून जाते. फोम हे रक्त गोठवायचं औषध आहे असा समज सर्रास आढळतो. पण नुसती गुठळी शरीर विरघळवून टाकतं आणि शीर पुन्हा उघडते. शीर कायमची बंद व्हायची तर भिंतीला पुरेशी खोल इजा होऊन तिथे व्रण धरला पाहिजे. म्हणजे गुठळी जितकी कमी आणि भिंतीला भिंत जितकी चिकटलेली, तितकं चांगलं. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं यातच आहेत.

औषधाचा फेस का करतात? तेच औषध पातळ स्वरूपात दिलं तर ते रक्तात मिसळून फिकं होतं, आणि रक्तातली प्रथिनं, विशेषतः अल्ब्युमिन, त्याला बांधून निकामी करतात. भिंतीपर्यंत पोचतं ते थोडंच. फेस मात्र रक्ताला पुढे ढकलतो, शिरेची पोकळी स्वतः भरून टाकतो आणि चहूबाजूंच्या भिंतीला टेकून राहतो. त्यामुळे औषधही कमी लागतं. ही कल्पना जुनी आहे. १९४४ मध्ये ऑर्बाख या डॉक्टरांनी औषधाच्या पुढे थोडी हवा सोडून रक्त बाजूला सारायची युक्ती मांडली होती. १९९०च्या दशकात स्पेनच्या काब्रेरांनी बारीक बुडबुड्यांच्या फेसावर काम केलं. सन २००० मध्ये इटलीच्या टेसारींनी तर काम अगदीच स्वस्त करून टाकलं : दोन सिरिंज, मध्ये एक थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी), एक भाग औषध आणि साधारण चार भाग हवा, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायचं. तुमच्यासमोर नर्सनं हेच केलं असेल. हा फेस काही मिनिटांत पुन्हा पातळ होऊ लागतो, म्हणून तो आधी करून ठेवता येत नाही, टेबलाशेजारीच करावा लागतो.

इंजेक्शन झाल्यावर तुम्हाला पाऊल वर-खाली हलवायला आणि मग लगेच चालायला सांगितलं असेल. त्यामागचं कारणही तेच अल्ब्युमिन. थोडा फेस खोल शिरेत गेलाच, तर पोटरीच्या स्नायूंनी जोरात ढकललेलं रक्त तो वाहून नेतं, पातळ करतं आणि निकामी करतं. खोल शिरेच्या अस्तराशी तो रेंगाळत नाही.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार, हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त वर जातं ते स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांमधून. कातडीखालच्या शिरांचा वाटा उरलेला, आणि तुमच्या फुगलेल्या शिरेच्या झडपा निकामी झाल्यामुळे ती तोही उचलत नव्हती. उलट तुम्ही उभे राहिलात की तिच्यातून रक्त वरून खाली येत होतं, घोट्याशी दाब वाढत होता आणि त्यातूनच तुमची कातडी काळी पडली. ती वाट बंद झाली की रक्त चांगल्या शिरांकडे वळतं. अट एकच, खोल शिरा मोकळ्या असायला हव्यात. डॉपलर त्यासाठीच आधी करतात. घोट्याजवळचा काळेपणा हा जखम होण्याच्या आधीचा टप्पा आहे, म्हणून तुम्ही उपचार घेतलेत हे फार चांगलं केलंत.

मेव्हण्याचं लेसर आणि तुमचा फोम यांत फरक आहे तो घाव भिंतीत किती खोल जातो याचा. लेसरची तार आतून उष्णता देते. ती भिंतीच्या पूर्ण जाडीत पोचते, कोलॅजन आकसतं, स्नायूचा थरही मरतो. म्हणून शिरेभोवती भुलीचं पाणी भरावं लागतं, एरवी कोणी सहन करणार नाही. फोमचा घाव मुख्यतः अस्तरावर आणि त्याच्या लगतच्या थरावर बसतो. शीर बारीक, भिंत पातळ असेल तर तेवढा घाव भरपूर होतो. शीर रुंद, भिंत जाड असेल तर बाहेरचे स्नायू जिवंत राहतात. शिवाय रुंद शिरेत फेस रक्तावर तरंगतो आणि खालच्या बाजूच्या भिंतीला नीट लागतच नाही. अशी शीर काही महिन्यांनी पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त.

यावर ब्रिटनमध्ये ७९८ पेशंटांवर मोठी चाचणी झाली होती. लेसर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना होती. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पुन्हा २०१९ मध्ये आले. पाच वर्षांनंतर शिरांच्या त्रासाच्या दृष्टीनं लेसर आणि शस्त्रक्रियावाले पेशंट फोमवाल्यांपेक्षा बरे होते. ब्रिटनच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मांडीच्या मुख्य शिरेसाठी उष्णतेचे उपचार आधी, ते जमत नसतील तर फोम, आणि शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम आहे. हे मी लपवून ठेवणार नाही.

तरीही तुमच्या डॉक्टरांनी फोम निवडला म्हणून नाराज होऊ नका. गुडघ्याखालच्या वेड्यावाकड्या शिरांत लेसरची तार शिरतच नाही. आधी ऑपरेशन होऊन परत आलेल्या शिरा, जखमेच्या आसपासचं जाळं, भूल न झेपणारे पेशंट, अशा ठिकाणी फोमच उपयोगी पडतो. खर्चही कमी. उष्णतेनं शेजारच्या मज्जातंतूला होणारा बधिरपणा फोममध्ये होत नाही, आणि गरज पडली तर फोम पुन्हा देता येतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा : माझी मांडीतली मुख्य शीर डॉपलरमध्ये किती मिलिमीटर होती, आणि तिच्यात उलटा प्रवाह आहे का? ती बरीच रुंद असेल आणि तिच्यातला उलटा प्रवाह तसाच असेल, तर तिच्यापुरतं लेसर करावं का, हा रास्त प्रश्न आहे. कुठलाही चांगला डॉक्टर त्यावर चिडणार नाही. मेव्हण्याला काही लागलं नाही त्याचं एक कारण असंही असेल की मांडीतली मुख्य शीर कातडीपासून जरा आत, आवरणाखाली असते, कडक झाली तरी बोटाला लागत नाही. तुमची पोटरीवरची शीर कातडीला चिकटून आहे.

दुसरं सिटिंग म्हणजे पहिलं फुकट गेलं असं मुळीच नाही. एका वेळी किती फेस द्यायचा याला मर्यादा असते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचनांनुसार साधारण १० मिलिलिटरपर्यंत. पायभर पसरलेल्या शिरांना तो पुरत नाही, म्हणून काम तुकड्यांत करतात. पुढच्या भेटीत आधी सोनोग्राफी होईल. सोनोग्राफीच्या प्रोबनं दाबल्यावर जी शीर चेपत नाही, तिच्यात औषधाचं काम चालू आहे. जी चेपते आणि जिच्यात रक्त उलटं येताना दिसतं, तिला पुन्हा फोम.

त्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी आठवणीनं सांगा. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमचम होत असेल, पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, हृदयात छिद्र असल्याचं कोणी सांगितलं असेल, किंवा मागच्या इंजेक्शननंतर डोळ्यांपुढे अंधारी, खोकला, छातीत आवळल्यासारखं झालं असेल, तर सांगाच. साधारण चारांतल्या एका माणसाच्या हृदयात जन्मापासूनची एक छोटी फट उघडी राहिलेली असते आणि तिच्यातून बुडबुडे डाव्या बाजूला जाऊ शकतात. बहुतेकांना त्यानं काही होत नाही, झालं तर थोड्या वेळाचं अंधुक दिसणं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं हे अतिशय दुर्मीळ, पण झालं तर तो पक्षाघात समजून धावायचं.

सुईनं रक्त काढण्याला घाबरू नका. शिरेत अडकलेलं ते काळपट, दाट रक्त दोन-चार आठवड्यांत मऊ होतं. बारीक टोचा मारून, दाबून ते बाहेर काढलं की दुखणं बहुधा त्याच दिवशी कमी होतं. दुसरा फायदा तुमच्या तपकिरी डागाचा. त्या रक्तातलं लोह भिंतीतून झिरपून कातडीत बसतं, त्याचाच तो रंग. रक्त जितकं लवकर निघेल तितका डाग कमी. बहुतेकांचे डाग काही महिन्यांत, कधी वर्षभरात फिके होतात, थोड्यांचे जास्त रेंगाळतात. घोट्याजवळचा जुना काळेपणा मात्र वेगळा, तो इतका सहज जाणार नाही. क्रीमच्या नळ्यांवर पैसे घालवू नका.

मोज्याबद्दल. तो शिरेच्या दोन भिंती एकमेकींजवळ दाबून ठेवतो, मध्ये रक्त साचायला जागा उरत नाही. त्यामुळे गुठळी पातळ, दुखणं कमी. किती दिवस घालायचा यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. कोणी काही दिवस म्हणतं, कोणी काही आठवडे. तुमच्या बाबतीत मी तो लगेच काढायला सांगणार नाही, कारण फोम सोडला तरी बारा तास उभं राहणं आहेच, आणि घोट्याजवळची कातडी नाजूक झाली आहे. मांडीपर्यंतचा असेल तर गुडघ्यापर्यंतचा चालेल का ते विचारा, उकाड्यात तो पुष्कळ सुसह्य होतो. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी घाला, रात्री झोपताना काढा. फक्त एक, विडी-सिगारेट ओढत असाल किंवा मधुमेह असेल, आणि चालताना पोटरी आवळून थांबावं लागत असेल, तर आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्या. तो कमी असेल तर घट्ट मोजा नुकसान करतो.

निरगुडीचं तेल नको. निदान चोळायचं तरी नको. सुजलेल्या शिरेवर रगडून व्रण लवकर धरत नाही, दुखणं तेवढं वाढतं, आणि तेलानं मोज्याचं इलॅस्टिकही लवकर सैल पडतं. खाज सुटते तिथे रात्री मोजा काढल्यावर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर हलक्या हातानं लावायला वहिनींना सांगा. दुखण्यासाठी कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः ॲसिडिटी किंवा किडनीचा त्रास असेल तर.

कामाचं म्हणाल तर दुसऱ्या सिटिंगनंतर पडून राहायचं नाहीच. त्याच दिवशी अर्धा तास तरी चाला, दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं चालणं-फिरणं चालू ठेवा. बहुतेक जण एक-दोन दिवसांत कामावर जातात. तुमची पाळी लांबलचक आहे, म्हणून शक्य असेल तर इंजेक्शन सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या. मागाजवळ एकाच जागी खिळून राहू नका, दोन मागांमधून फेरी मारा. थांबावंच लागलं तर टाचा उचलून दहा-वीस वेळा वर-खाली करा. त्यानं पोटरीचा पंप चालतो. घरी गेल्यावर पाय छातीच्या पातळीच्या वर येतील असे उशीवर ठेवून पडा. पुढे लेसर करायचं ठरलं आणि खर्च परवडत नसेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटा. जाताना रेशनकार्ड, आधार आणि डॉपलरचा रिपोर्ट बरोबर न्या. कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणता नाही, ते तो आधीच सांगेल.